तडी

काझींच्या दुकानात सगळे दाणा बघतात,
ऐंशीचा की एकशेवीसचा.
मी पट्टा उलटा करतो.
पाठ कापडाची की कागदाची,
बाण छापलाय का,
आणि जोड.

जोडावरून नख फिरवायचं, डोळे मिटून.
अडलं तर जाड आहे,
लाटण्यावर दर फेरीला ठक्क करणार.
मग दोन बोटांत धरून हळूच वाकवायचा.
चुरचुरला, तर आतला डिंक म्हातारा झालाय.
"निम्म्या भावात न्या की," काझी म्हणतात,
"दोन वर्षं नुस्ता पडून आहे."
पडून आहे म्हणूनच नको, काझीसाहेब.

हे मला कुणी शिकवलं नाही.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पोळपाट-लाटणी करतो.
पट्टे तेव्हा खिळ्याला लटकत,
मावळतीच्या पत्र्याला पाठ लावून.
खिळ्याची घडी त्यांच्या कमरेत कायमची बसलेली.
मे महिना. चव्वेचाळीस.
आठवड्यात सात पट्टे गेले,
सातवा मेरगूच्या दंडावर फाडकन बसला.
तेलुगूत एक शिवी देऊन
त्याने तो उचलला, माझ्या हातात दिला,
माझंच काही सांडलं असावं तसा.

रात्री आईला सांगितलं.
आई विड्या वळते. बेचाळीस वर्षं झाली.
बोलताना मान वर करते, बोटं नाही.
म्हणाली, तडि लेदु.
तडी म्हणजे तिच्या भाषेत ओल.
माझ्या शाळेच्या भाषेत तडा म्हणजे चीर.
आमच्या घरात या दोन शब्दांत
एका वेलांटीचं अंतर आहे.

"ओलं पोतं गुंडाळ बे," ती म्हणाली,
"माझं एक पान तुटतं का बघ."

गुंडाळलं.
रोज सकाळी पाणी शिंपडलं,
मेरगू हसला तरी शिंपडलं.
चौथ्या दिवशी मशीन सुरू केलं
आणि पट्टा तुटला नाही,
सुटला.
तुटण्याला आवाज असतो.
हा नुसता उलगडून खाली पडला,
पाण्यात पडलेल्या पाकिटाची चिकटलेली कड
सुटते तसा, दोन्ही टोकं शाबूत.

आईला दाखवला.
तिने जोडाची जागा हुंगली.
"मग हे पान नाही," म्हणाली,
आणि पुढच्या विडीला दोरा बांधला.

आता आतल्या भिंतीशी जाड पाइप आहे,
चांगला सहा इंची, त्यावर पट्टे सैल लोंबतात.
ना पत्र्याजवळ, ना फरशीवर, ना मोरीच्या बाजूला.
पाठीवर पेन्सिलीने तारीख. जुना आधी.
नवा आला की एक दिवस तसाच टांगायचा,
खोक्यातली वळणं अंगातून जाऊ द्यायची.
बाण मशीन फिरतं त्या दिशेला,
मांजराच्या पाठीवरून हात फिरवतात तसा;
उलटा लावला तर लाकूड जोडाच्या कडेलाच पकडतं.
संध्याकाळी जाताना ताण सैल करायचा.
हे मात्र मी विसरतो.
चादरीच्या कारखान्याचा भोंगा झाला की
मेरगू परत फिरतो, चावी सैल करतो,
आणि दंड चोळतो, उगीच.

पट्टे अजून तुटतात. कमी.

परवा थंडीत आईच्या अंगठ्याला भेग पडली,
पान कापायची कात्री धरते तिथे.
व्हॅसलीन लावताना
माझं नख त्यावरून फिरलं, आपोआप,
डोळेही मिटले असतील.
तिने हात ओढून घेतला.
"काय बे," म्हणाली,
"विकत घेतोस काय?"